बुडीत धंदा

बाळापूरच्या थांब्यावर दामिनी अकोल्याच्या गाडीची वाट पाहत होती. मागच्या बाकावर कोणीतरी एका पोरीच्या आईला स्थळ सांगत होतं.

“पोरगा बुडीत धंद्यात हाय, गोदाबाई.”

“मंग आमाले कावून सांगून राह्यले, चंद्रभानभाऊ? बुडीत धंद्यात पोरीनं खावं काय?”

“तसं नाई वो! समुद्रात बुडालेल्या जहाजातलं तांबं काढते तो.”

“सोता उतरते पान्यात?”

“सोता. कमरेले दोर बांधून.”

“अन् वर दोर कोन धरते?”

“त्याचा लहाना भाऊ. भल्ला भरवशाचा. आजपावतर दोर सुटला नाई त्याच्या हातून.”

अकोल्याची गाडी लागली. दामिनी उठली नाही.

“लगन झालं का त्याचं?” मागून गोदाबाईनं विचारलं.

“कोनाचं?”

“दोर धरते त्याचं.”