इर्माच्या दारावरचा रिकामा खिळा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या गावच्या नगराध्यक्षा मादाम हेर्माँत, व्यासपीठावर बसलेले बिअर-पारख मंडळाचे सन्माननीय पंच, ज्यांना निरोप देताना जीभ जड होते आहे ते मंडळाचे अध्यक्ष ऑमेर लेकेन, म्हणजे आपल्या सगळ्यांचे ऑमेरकाका, आणि समोर बसलेल्या भट्टीवाल्यांनो, त्यांच्या कारभारणींनो, तसेच नुसतं प्यायला आलेल्या प्रामाणिक मंडळींनो, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मी गोदलीव. टेकडीखालच्या भट्टीवरच्या इर्मा देस्मेतची मुलगी. खरं तर आज इथं आईनं बोलायचं होतं. पहिल्या रांगेतली ती रिकामी खुर्ची तिचीच. ती येणार की नाही, देवाला माहीत. ती येईपर्यंत मला उभं केलंय, आणि मला एकदा उभं केलं की बसवणं किती अवघड, हे अध्यक्षबाईंना ठाऊक आहे. तेव्हा ज्यांना साखरेच्या केकवर हात मारायचाय त्यांनी खुशाल मारावा. मी बघितलं न बघितल्यासारखं करीन.

मंडळी, पारखीचा दिवस आठवा. हाच दिवाणखाना. वर बिअरला कडूपणा देणारी हॉप्सची फुलं वाळवायचा माळा, त्यामुळे भिंतींना तो कडवट, झोप आणणारा वास. वसंतातलं ऊन त्या उंच खिडकीतून तिरपं आत येतं आणि ऑमेरकाकांच्या ग्लासातून टेबलावर उतरतं. पांढऱ्या टेबलक्लॉथवर तांब्याच्या रंगाचा एक डाग हलत राहतो. काका ग्लास उचलत नाहीत. नुसते बघतात. फेस बसू देतात. मग दोन्ही तळव्यांत ग्लास धरून बसतात, कारण तळघरातून आलेली बिअर गार असताना काही बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. तेवढ्या वेळात आपण सगळे अर्धे झोपेत जातो. कुणाला आपलं लग्न आठवतं, कुणाला विकलेला घोडा. पलीकडे चर्चच्या घंटा वाजत असतात, पण त्याही लांब कुठल्या तरी गावच्या वाटतात. मला तर लहानपणी वाटायचं, की काका बिअर पीत नाहीत, आपल्या सगळ्यांना झोपवून स्वतः कुठं तरी फिरून येतात.

आणि परत आल्यावर काय सांगायचे? भाजक्या पावाचा वास आहे, जरदाळू आहे, बुचाचा ओलसरपणा आहे, हे तर कुठलाही पंच सांगेल. काका म्हणायचे, "ही बिअर रविवारी लांबच्या वाटेनं घरी आली." म्हणायचे, "हिनं दार लोटलं, पण कडी नाही लावली." आपण माना डोलवायचो. कळायचं कुणाला? कुणालाच नाही! पण बनवणाऱ्याला बरोबर कळायचं की शेवटचा घोट कोरडा व्हायला हवा होता आणि गोड राहिलाय.

मग आकडा. आपली रीत तुम्हाला मी काय सांगावी? कागद नाही, पेन्सिल नाही. बनवणाऱ्यानं टेबलासमोर हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. अध्यक्षांनी त्याच्या डोळ्यांत बघून विसापैकी गुण मोठ्यानं सांगायचे. आणि गुण कितीही पडोत, बनवणाऱ्यानं एकच शब्द बोलायचा: "ऐकलं." रडायचं असेल तर घरी जाऊन. पंधरा किंवा वर पडले, तर हॉप्सच्या वेलीचं कडं वर्षभर दारावर. गावात शिरणारा माणूस आधी ते कडं शोधतो आणि मगच दार वाजवतो.

बाबा गेल्यावर आईनं भट्टी हातात घेतली, त्याच आठवड्यात तिनं दारावर खिळा ठोकला. कड्यासाठी. "आधी खिळा, मग वेल," म्हणाली. त्या वसंतात ती काकांसमोर उभी राहिली. काकांनी ग्लास तळव्यांत धरला, फिरून आले आणि म्हणाले, "चौदा."

"ऐकलं," आई म्हणाली.

पुढच्या वर्षी? चौदा. त्याच्या पुढच्या? तुम्हीच सांगा! हो, चौदा. आईनं जव बदललं, पाणी बदललं, बाटल्या हिवाळाभर तळघराच्या सगळ्यांत खोल कोपऱ्यात निजवल्या. मधल्या एका वर्षी तेरा पडले तेव्हा तर तिनं दोन दिवस माझ्याशीसुद्धा धड बोलली नाही. खिळा गंजला, तिनं तो घासून पुसून परत ठोकला. माणसं येता-जाता टोमणे मारायची, "काय इर्मा, खिळ्याला पाणी घालतेस की नाही? वेल फुटेल!" ती हसायची. पण मी तिची मुलगी आहे, ते हसू कसलं होतं ते मला विचारा.

आता तुम्ही म्हणाल, निरोपाच्या भाषणात हे उगाळायचं कारण काय? कारण आहे. ऑमेरकाका, खाली बघू नका. मी तुमची परवानगी घेतलीय, आणि तसंही पाववाल्याच्या बायकोला कळलंय म्हणजे गावात कुणाला कळायचं राहिलंय?

मंडळी, तुम्ही सगळे कुजबुजताय की काकांची जीभ तर अजून शाबूत आहे, मग पारख पुढच्या आठवड्यावर असताना खुर्ची सोडायची अवदसा का आठवली? तर ऐका. गेल्या रविवारी काका आमच्या स्वयंपाकघरात आले. टोपी हातात. आईनं चिकोरीची कॉफी पुढं ठेवली. काका म्हणाले, "इर्माबाई, मी अध्यक्षपद सोडलं."

"का हो? बरं नाही का?"

"बरं आहे. पण मंडळाचा नियम आहे, ज्या घरची बिअर त्या घरच्या माणसानं पारखू नये."

"मग? तुमच्या घरी कुठं भट्टी आहे?"

काका टोपी गोल गोल फिरवत बसले. "माझ्या घरी नाही," म्हणाले. "तुमच्या घरी आहे."

मी चुलीपाशी उभी. हातातला डाव हातातच राहिला. आईचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! काका तिथंच थांबले असते तर आज ती खुर्ची रिकामी नसती. पण हा माणूस नको तितका प्रामाणिक. म्हणाले, "हो म्हणायच्या आधी एक गोष्ट कळायला हवी. तुम्ही समोर उभ्या राहिलात की मला फार बरं वाटायचं. त्या बरं वाटण्यानं आकडा वर जाईल अशी भीती वाटायची. म्हणून दरवर्षी जो आकडा मनात यायचा, त्यातून मी एक वजा करायचो."

म्हणजे पंधरा, मंडळी! ते एक तेराचं वर्ष सोडलं, तर वर्षानुवर्षं पंधरा!

आईनं त्यांच्या पुढची कॉफी उचलली आणि मोरीत ओतली. "माझी वेल," ती म्हणाली. "माझ्या दारावरची वेल तुम्ही खाल्लीत? तुमच्या मनाचा भार माझ्या बिअरनं का उचलायचा?" काका उठले. दारात आई एवढंच म्हणाली, "समारंभाला आले तर उत्तर घेऊन येईन. नाही आले, तर तेच उत्तर समजा."

म्हणून मी बोलतेय हो. मघापासून म्हणूनच बोलतेय. कारण मला वाटतं तिनं यावं. रागावली असेल तर रागावून यावं, पण यावं. त्या घरात संध्याकाळी दोघीच असतो आम्ही. पुढच्या महिन्यात माझं लग्न झालं की ती एकटी उरेल, बाटल्यांशी बोलत.

तर ऑमेरकाकांच्या कार्याचा गौरव करताना... थांबा. दार वाजलं का?

मंडळी, जरा वाट द्या तिला. मागच्यांना दिसत नसेल म्हणून सांगते, आई आली आहे. निळा कोट घालून. हातात यंदाची एक बाटली आहे. नाही, ती खुर्चीकडे जात नाहीये. सरळ व्यासपीठावर येतेय. बुचावरची तार सोडवतेय... ऐकलंत? बूच निघालं. ग्लासात ओतलं. रंग बघा हो, ऊन पडलंय त्यावर.

ती म्हणतेय, "आता तुम्ही अध्यक्ष नाही. घरचेही नाही, अजून तरी. काही वजा न करता सांगा."

काकांनी ग्लास तळव्यांत धरलाय. आपण जरा गप्प बसू या.

...

काका म्हणाले... मी पुन्हा मोठ्यानं सांगते, कारण माझा माझ्याच कानांवर विश्वास नाही. काका म्हणाले, "चौदा."

अहो काका! आज तरी! काय बोलावं या माणसाला! कुणी हसू नका. आई काय म्हणतेय ते ऐका. म्हणतेय, "का?"

"जव जास्त भाजलं गेलंय. शेवटच्या घोटाला करपट लागतं."

आई... आई हसतेय. हे हसू मी ओळखते, हे टोमण्यांवरचं नाही. ती म्हणतेय, "गेल्या डिसेंबरात जव भाजताना आच वाढली होती. गोदलीवलाही सांगितलं नाही मी. तुम्ही पंधरा म्हणाला असतात ना, तर ही बाटली घेऊन आल्या पावली परत गेले असते. खोट्या वेलीबरोबर जन्म काढायचा नव्हता मला."

आणि आता ती म्हणतेय, शब्दन् शब्द सांगते, "दारावरचा खिळा रिकामा आहे. टोपी तिथं अडकवत जा, ऑमेर."

काका उठलेत. हात पाठीमागे बांधलेत. आईच्या डोळ्यांत बघतायत. आणि म्हणाले:

"ऐकलं."

मंडळी, माझं भाषण इथंच संपतं, कारण आता मला पुढचं काही नीट दिसत नाहीये. अध्यक्षबाईंनी मला इतका वेळ बोलू दिलं, पंचांनी घड्याळाकडे बघितलं नाही, तुम्ही केक तसाच ठेवून ऐकत राहिलात, याबद्दल सगळ्यांची ऋणी आहे. घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर आणल्या, कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर लेकीचं तोंड म्हणून पोटात घाला. आणि कुणी तरी त्या पहिल्या रांगेतली खुर्ची उचलून वर काकांच्या शेजारी आणून ठेवा. आई किती वेळ उभी राहणार?