तिसऱ्यांदा विचारलं तर

— नाही हो, काकडीला मी नावं ठेवत नाहीये. काकडी बिचारी काय करणार, नुसतं पाणी ते, साल असलेलं. मी तुमच्या चेहऱ्याबद्दल बोलतोय. मघापासून बघतोय ना मी — प्रत्येक भांड्यापुढची चिठ्ठी वाचताय, चष्मा वर, चष्मा खाली, सूपचं झाकण उचललंत, वास घेतलात, परत ठेवलंत — जुना ट्रक विकत घेणारा माणूससुद्धा एवढं वाकून बघत नाही. आणि एवढं करून आणलंत काय, तर काकडी, पालक, ती चण्याची चटणी आणि हे काळे ऑलिव्ह. बसा बसा, खुर्ची रिकामीच आहे, ती पिशवी माझी, काढतो. मी अर्लिंग. अर्लिंग हॉगेन, बेमिजीचा — ह्याच मिनेसोटात, उत्तरेला. सकाळी छोट्या विमानानं इथे मिनिआपोलिसला उतरलो, आता पुढे फिनिक्स. मुलगी असते तिथे, हाइडी. ह्या लाउंजचा पास तिनंच पाठवला — "पप्पा, गेटवर पिझ्झा खात बसू नका, लाउंजमध्ये सगळं तब्येतीला चांगलं असतं." असतं का? तुम्ही एवढ्या चिठ्ठ्या वाचल्यात, तुम्हीच सांगा.

बरं, राहू दे, मीच सांगतो. मला वेळच वेळ आहे. ते सूप — रानतांदळाचं म्हणून लिहिलंय, पण तांदूळ नावाला, बाकी सगळी साय. संत्र्याचा रस त्या मशीनमधून येतो; संत्र्यानं त्याला लांबून कुठूनतरी बघितलं असेल, एवढीच ओळख. मफिन म्हणजे काय, तर केकच — सकाळी खाल्ला म्हणून मफिन म्हणायचं, मनाला बरं वाटतं. पालक चांगला, त्यात वाद नाही, पण तुमच्यापुढच्या त्या बाईंनी पालकावर पळीभर पांढरा सॉस ओतला, मग आणखी अर्धी पळी, आणि मग चरबी नको म्हणून बिनदुधाची कॉफी घेतली. दुधाची तहान ताकावर असं म्हणतात, इथे ताकाची तहान दुधावर भागवतात लोक. तुम्ही तसले नाही. तुम्ही कोरडा पालक घेतलात. पण काकडीच्या मागे दडवलेली ती लिंबाची वडी दिसली हं मला. दडवली नाही? मग काकडीनं स्वतःहून उभं राहून तिला आडोसा दिला असेल.

आणि तुम्ही इथले नाही, हे मला तिथेच कळलं, वडीवरूनच. कसं म्हणजे? ती शेवटची होती. ताटात एकच उरली होती आणि तुम्ही चिमटा घातलात आणि अख्खी उचललीत. अहो, गुन्हा नाही, खा. पण आमच्या मिनेसोटात शेवटचा तुकडा कुणी घेत नाही. अर्धा कापतो, अर्धा ठेवतो. मागचा माणूस त्याचा अर्धा कापतो. त्याच्या मागची बाई त्याचा अर्धा. चर्चच्या तळघरात जेवण असलं की शेवटी ताटात काय उरतं माहितीये — नखाएवढा तुकडा, आणि सगळं गाव त्याच्याकडे बघत कोट चढवतंय. हत्ती गेला, शेपूट राहिलं, आणि शेपटाला हात लावायची कुणाची छाती नाही. मग भांडी घासणारी बाई तो सगळ्यांच्या देखत टाकून देते आणि सगळ्यांना वाईट वाटतं. पद्धत आहे.

त्या टोकाची भांडी बघितलीत का तुम्ही? "इथली खासियत" लिहिलंय तिथे. नाही बघितली. बघून पुढे गेलात, मला दिसलं, नाक असं झालं तुमचं. ती हिरवी जेली, गाजर किसून घातलेली — ते सॅलड. आणि शेजारी ते पांढरं, फुगलेलं, सफरचंदाच्या फोडी, फेटलेलं क्रीम, मार्शमेलो, वर चॉकलेटचे तुकडे — तेही सॅलड. हसू नका. आमच्याकडे त्याला सॅलडच म्हणतात. सॅलडच्या रांगेत ठेवतात, गोडाच्या रांगेत नाही. गोडाच्या रांगेत ठेवलं तर लोक विचारतील हिला बरं नाही का आज. माझी बायको आर्डिस हे सफरचंदाचं करायची. वाईट नव्हतं. — म्हणजे फार चांगलं होतं. आम्ही "वाईट नाही" म्हणतो. लग्नात पाद्र्यानं विचारलं तेव्हा कसंबसं "हो" म्हटलं, नाहीतर तिथेही "वाईट नाही" म्हणून मोकळा झालो असतो.

तर त्याच सॅलडनं घोटाळा केला. तुम्ही आलात त्याच्या जरा आधी हाइडीचा फोन. पप्पा, काय खाल्लं? म्हटलं, सॅलड. आता हे खोटं नाही — चमचाभर घेतलं होतं, त्या पांढऱ्यातलं, कपात. म्हटलं, दोन प्रकारचं सॅलड. हे जरा लांबवलं, जेली मी नुसती बघितली होती. दुसरी कुणी असती तर खूश झाली असती. पण पोरगी बेमिजीतच वाढलीये ना. मग म्हणते, "कुठलं सॅलड?" मी म्हटलं, आवाज नीट येत नाहीये. तर म्हणते, "फोटो पाठवा." बाप दाखव नाहीतर श्राद्ध घाल. ती तिथे फिनिक्समध्ये उन्हात बसून उंटावरून शेळ्या हाकतेय, आणि शेळी इथे लाउंजमध्ये कॉफी पीत बसलीये.

म्हणून म्हटलं — आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू — तुमची बशी जरा इकडे सरकवता का? खाणार नाहीये मी. फोटोपुरती. दोन मिनिटं. पालक काय सुंदर दिसतोय, ऑलिव्ह आहेत, असा फोटो बघून डॉक्टरलासुद्धा हुंदका येईल. हां. थँक यू. तो हात काढा तुमचा, अंगठी दिसेल. काकडी जरा पुढे घेतो, ती उगाच लाजतेय. — आला. बघा, माझ्या हातून आयुष्यात एवढं आरोग्यदायी काही घडलेलं नाही. पाठवला. गेला. घ्या तुमची बशी, जशीच्या तशी आहे.

नाही, कडक वगैरे नाही ती, चांगली पोरगी आहे. तुम्हाला वाटेल बटर, बेकन, त्यावरून ओरडते. ते पूर्वी. आता तसं नाही. आता — कसं सांगू. माझं घर तळ्याकाठी आहे. ह्या दिवसांत तळं गोठून रस्त्यासारखं झालेलं असतं, माझी बर्फावरची खोपी आहे तिथे, लाकडी, आत शेगडी, खाली बर्फाला भोक, गळ टाकायचा आणि बसायचं. ते सगळं सोडून निघालोय. हाइडी म्हणते, हिवाळाभर या. मी म्हटलं, येतो, पण मे महिन्यात मासेमारीचा हंगाम उघडतो तेव्हा मी माझ्या बोटीत असणार. तर म्हणते, "बघू." बघू म्हणजे काय, तुम्हाला मुलं आहेत का? नाही. मग सांगतो. मुलगी लहान असताना तिला कुत्रा हवा असतो आणि आपण "बघू" म्हणतो, ते हे बघू. तिनं मला खोलीही रंगवलीये. नुसत्या पाहुण्यासाठी कोण खोली रंगवतं? मला मेमध्ये घरी जायचंय हो. एवढंच आहे माझं. त्यासाठी तिला पटलं पाहिजे की हा माणूस एकटा राहू शकतो, नीट खातो-पितो. म्हणून तुमची काकडी.

माझी बशी? घेतली नाही अजून. घेईन ना. नाही, सकाळपासून तसं काही — कॉफी झालीये. दोनदा. आणि ते कपातलं. हे बघा, इथली ती मुलगी, हिरव्या एप्रनातली, ती आली होती मघाशी, फार गोड बोलली, "सूप आणून देऊ का तुम्हाला?" मी म्हटलं, नको, ठीक आहे मी. आणि ती गेली. गेलीच. तिचा दोष नाही, ती कुठली बाहेरची असणार. तुम्हाला हेही सांगायला हवं म्हणजे. आमच्याकडे कुणी काही दिलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणायचं, नको हो, तुम्हाला कशाला त्रास. तिसऱ्यांदा विचारलं तर — बरं, तुम्ही एवढा आग्रह करताय तर, अगदी थोडं. पहिल्याच फटक्याला हो म्हटलं तर हावरट दिसतं माणूस. आणि विचारणाऱ्यालाही माहीत असतं की तीनदा विचारायचंय. सूप हवंच होतं मला. तांदूळ नावाला असले तरी गरम होतं.

आर्डिस विचारायची तीनदा. अहो, लग्नाच्या बायकोनं नवऱ्याला, रोज, स्वतःच्या स्वयंपाकघरात — "अर्लिंग, आणखी बटाटे?" नको. "आणखी बटाटे?" नको गं, पुरे. "अर्लिंग, बटाटे." बरं, दे एवढं म्हणतेस तर. तेवढ्यात तिनं वाढलेलेही असायचे. आणि मी जेवताना बोलतो फार, तुम्हाला कळलंच असेल, तर मधूनमधून — "अर्लिंग, आधी गिळ, मग बोल." असं चालायचं. ती गेल्याला दुसरा हिवाळा हा. आता संध्याकाळी मी फ्रीज उघडतो, मनात म्हणतो, अर्लिंग, खाणार का काही? आणि सवयीनं म्हणतो, नको. आणि फ्रीज बंद. एकट्या घरात माणसाला दुसऱ्यांदा कोण विचारणार. तिसऱ्यांदा तर सोडाच.

थँक्सगिव्हिंगला, नोव्हेंबरात, हाइडी आली होती तेव्हा तिला माझा पट्टा दिसला. खिळ्यानं पाडलेली नवी भोकं आहेत त्याला. बाहेर जाऊन गाडीत बसली थोडा वेळ. मला वाटलं मोबाइल शोधतेय.

हे मी तुम्हाला का सांगतोय? काकडीवरून सुरुवात झाली होती आपली. ऑलिव्ह खा, वाळतील — नको, नको. अहो, तुमची वडी मला कशाला. मी काही सुचवत नव्हतो हं, फक्त पद्धत सांगत होतो. नको हो, खरंच, तुम्ही एवढ्या चिठ्ठ्या वाचून एकच पाप घेतलंत, तेही मी खाल्लं तर —

थांबा. तिचंच आलं. चष्मा कुठे गेला. हां, तुम्ही वाचू नका, मी वाचतो, अक्षर मोठं केलंय तिनंच माझ्यासाठी. "पप्पा, ही बशी कोणाची?" बघा. बघा, आणि पुढे — "शेवटची वडी अख्खी आहे ह्यात. मागे ताट रिकामं दिसतंय." काकडी पुढे घेतली मी, आणि वडी उघडी पडली. मीच उघडी पाडली. फिनिक्समध्ये राहून वीस वर्षं झाली तिला, वाळवंटात, मला वाटलं विसरली असेल सगळं. आटोपलं. गेला माझा मे. आता बोट शेजारच्या ड्वेनला देऊन टाकतो, तो कधीपासून टपलाय.

अजून काहीतरी येतंय. तीन टिंबं नाचतायत.

हं.

नाही, रागावली नाहीये. काय लिहिलंय ते — जरा थांबा. "पप्पा, काहीतरी खा." मग खाली परत, "काहीतरी खा." आणि मग परत एकदा. "पप्पा, काहीतरी खा." बस, एवढंच. तीनदा लिहिलंय. काय खा ते नाही लिहिलेलं. सॅलड म्हणालेली नाही, पालक म्हणालेली नाही. तीनदा विचारायचं असतं, हे लक्षात आहे हो तिच्या.

नाही, काही नाही, कॉफी गरम आहे जरा.

बरं. आता सगळीकडून एवढा आग्रहच होतोय तर — ती सुरी द्या इकडे. अर्धी. नाही, तो मोठा भाग तुमच्याकडे राहू द्या, तुम्ही आणलीत. आणि जाता जाता त्या हिरव्या एप्रनातल्या मुलीला सांगाल का, खिडकीजवळच्या म्हाताऱ्याला सूप हवंय म्हणून. हवंय असंच सांगा, सरळ. मेचं मेमध्ये बघू. पट्टा परत जुन्या भोकावर आलेला दाखवला म्हणजे तिलाच कळेल.

तुमचं विमान डेन्व्हरचं ना? मग तेच पुकारतायत, उठा, गेट लांब आहे. थँक यू वगैरे नको, पद्धती शिकवल्याची फी मी वडीतूनच वळती करून घेतलीये. — हं. आंबट आहे जरा. वाईट नाही. पळा आता, माझ्याकडे बघत उभे राहू नका. मी नाही बोलणार आणखी काही, तोंडात घास आहे.