दोन मिनिटांचा थांबा

...नाही नाही, तुम्हीच सांगा, रोज तीस तिकिटं खपतात आणि गाडीत चढतं कोण? कोणी नाही! गार्ड बिचारा हिरवा झेंडा घेऊन दोन मिनिटं उभा, आणि फलाटावर मी आणि एक कुत्रं. त्यातलं कुत्रं निदान शेपूट तरी हलवतं. आणि थांबा कोणी आणला? आम्ही. अकरा वर्षं, तुम्हाला सांगतो, अकरा वर्षं भांडून आणला.

म्हणजे बघा, ही रेल्वे आमच्या माणगाव तालुक्यातनं गेली ना, तेव्हा आमच्या बाबांनी भाताचं खाचर दिलं. कोणीतरी सांगितलं होतं, 'बाबा, दाराशी गाडी येईल.' आली की! दारावरनं गेली. एक्सप्रेस अशी धडधडत जायची की मांडणीवरचे पेले खाली, पण थांबायचं नाव नाही. बाबा संध्याकाळी कुंपणाशी उभे राहून हात करायचे, एसटीला करतात तसा. गेले हात करता करता. अजून वाईट वाटतं हो. मग मी थांबा कृती समिती काढली. अध्यक्ष मी, बुधाजी, आणि चिटणीस दयाराम.

हा दयाराम माझा लहानपणापासूनचा दोस्त, बरं का. ट्रकच्या धंद्यापायी सगळा देश फिरलेला, आणि फिरून आला की मला ऐकवणार. 'भाऊ, गुजरातेत स्टेशनची लादी अशी हाय, तिच्यावर भात वाढून घ्यावा. केरळात एवढुसं स्टेशन, पन माणसं चढतात, म्हनून गाडी थांबते. तामिळनाडूत पाटीवर लिवलेल्या वेळेला गाडी येते, गंमत न्हाय. आपल्याकडं औषध एकच, खाजगी करून टाका.' खाजगी म्हटलं की माझं डोकं फिरायचं. अरे, म्हटलं, खाजगीवाला नफा बघेल की माझ्या बापाचं खाचर बघेल? जिथं कमाई नाही तिथं तो थांबणं सोड, शिट्टीसुद्धा वाजवणार नाही. सरकारची रेल्वे म्हणजे आपली रेल्वे, आज ना उद्या थांबेल. दर बैठकीत हाच वाद, चहा गार आणि ठराव तसाच. पण थांब्यासाठी उपोषण केलं तेव्हा तीन दिवस तो माझ्या शेजारी बसला होता, हे कबूल करतो.

तर मिळाला थांबा. पण कसा? प्रायोगिक! सहा महिने बघणार, प्रवासी दिसले तर ठेवणार, नाहीतर गाडी पुन्हा सुसाट. मी गावाची सभा घेतली. गणपतीत आरतीला घराघराची पाळी लावतात ना, तशी तिकिटाची पाळी लावली. रोज दहा घरांनी तीन-तीन तिकिटं काढायची, मुंबईला जायचं असो नसो. आणि गाव पाळीला पक्कं, एक दिवस चुकलं नाही. शेजारच्या ठमीकाकूंची सून बाळंतपणाला दवाखान्यात, तर काकूंनी लेकाला आधी तिकिटाला पाठवला, मग दवाखान्यात. माझा ऊर भरून आला. थांबा कोणी आणला? आम्ही.

आणि एका सकाळी बघतो तर स्टेशनबाहेर नवीकोरी मिनीबस. पुढं 'मुंबई' अशी पाटी, हार, लिंबू-मिरची, आणि स्टिअरिंगवर कोण? आमचे चिटणीस! लोक रांगेनं खिडकीशी जातायत, रेल्वेचं तिकीट काढतायत, ते खिशात घालतायत आणि बाहेर येऊन दयारामच्या बसमध्ये बसतायत. वर हाच दटावतोय, 'तिकीट काढल्याबिगर कोनाला घेनार न्हाय हां, समितीचा नियम हाय.'

मी बसला आडवा झालो. म्हटलं, दयाराम, अकरा वर्षं माझ्या शेजारी बसलास ते ह्यासाठी? तर कसा शांतपणे म्हणतो, 'भाऊ, गाडी थांबाया पायजे म्हनून लोकं तिकीट काढतात. पोचाया पायजे म्हनून माझ्याकडं बसतात.'

आणि थांबतो तरी कुठंकुठं हा माणूस! ठमीकाकूंच्या दारात थांबतो, त्यांची चप्पल सापडेपर्यंत थांबतो. कोणाचा नवस असला की वाकणला वळून पालीच्या गणपतीला थांबतो. सरपंचांच्या लेकीच्या, रुचिताच्या बाळाचं दूध कोमट करायला वडखळला थांबतो. आणि खाजगीवाला थांबणार नाही म्हणणारा कोण? मी. रेल्वेचं खाजगीकरण दिल्लीत व्हायचं तेव्हा होईल, आमच्याकडं दयारामनं एका मिनीबसमध्ये उरकून टाकलं. आतून तुटलो हो. त्या दिवशी जेवण जाईना. बायको म्हणाली, 'जेवून घ्या, उद्या मला सकाळीच निघायचंय, वाशीला बहिणीकडं.' कशानं, विचारलं. नुसतं तिकीट दाखवलं. रेल्वेचं.

मग आलं रेल्वेचं पत्र. तिकीटविक्री उत्तम, चढणारे प्रवासी शून्य, थांबा काढून घेण्याचा विचार आहे, काही म्हणणं असेल तर अध्यक्षांनी मुंबईला सकाळी साडेदहाला हजर राहावं. आता आमची गाडी आमच्याकडंच येते पावणेदहाला! म्हणून आदल्या दिवशीच निघालो, तत्त्वाचा प्रश्न होता. तीन तास फलाटावर बसलो, तेव्हा कळलं पुढं दरड आलीय, गाडी रद्द. आता काय करता? दुसऱ्या दिवशी सहाला दयाराम दारात. चिटणीस म्हणून त्यालाही यायचंच होतं. पुढची सीट ठेवली होती माझ्यासाठी, वर पाठीला उशी. बसलो, पण तोंड रस्ताभर खिडकीकडं.

साहेब माणूस चांगला. मी तासभर बोललो... बाबांचं खाचर, उपोषण, गुजरात, केरळ, पाळीला पक्कं गाव, सगळं. साहेबांचं पेन टेबलावर तसंच. शेवटी म्हणाले, 'बुधाजीराव, आज इथं आलात कशानं?'

मी दयारामकडं बघितलं. दयारामनं पंख्याकडं. म्हटलं, 'साहेब... वेळेवर पोचायचं होतं.'

आणि तुम्हाला सांगतो, सबंध बैठकीत साहेबांनी लिहून घेतलं ते तेवढं एकच वाक्य.