आईचा श्वास

कानाच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजोबा आणि त्यांची मुलगी नंबराची वाट बघत बसले होते.

“ते गाण्यांचं भारीतलं सबस्क्रिप्शन बंद करून टाक गं.”

“का हो बाबा? आई गेल्यापासून रोज दुपारी तिने व्हायोलिन वाजवलेलं ते गाणं ऐकता की तुम्ही.”

“साध्या, फुकटातल्या आवाजात तिचं व्हायोलिन वीस वादकांत हरवून जातं. ह्या भारीतल्यात ती अगदी शेजारी बसल्यासारखी वाटते. गज टेकवण्याआधी श्वास घेते, तोसुद्धा ऐकू यायचा.”

“यायचा?”

“महिना झाला, येत नाही.”

“लावा ते गाणं, एक इयरफोन मला द्या. कुठे घेते श्वास?”

“दुसऱ्या कडव्याआधी. डोळे मीट, म्हणजे सापडेल.”

“बाबा… घेतला तिने. आत्ता.”

“घेतला ना? मग आता बोलू नकोस. ती वाजवतेय.”