भट्टीला हात लावायचा नाही

...नाही, पण मला एक सांगा, मी बातमी वाचली की नाही याची परीक्षा घेणारी ही कोण? आजवर लोकांच्या चुका काढायला मी कधी काही वाचलंय? तरी निघाल्याच की! तुम्हाला सांगतो, कुठंतरी पाणी मुरतंय.

ही म्हणजे गिझलान. आमच्याच दर्ब अत-तूत गल्लीतल्या विणकराची मुलगी, रबातला जाऊन चार बुकं शिकली आणि परत येऊन तिनं फोनवर गावच्या बातम्यांचं पान काढलं. चांगलं चाललं होतं हो! ती बातमी टाकायची, खाली आम्ही एकमेकांचे बाप काढायचो, कुणाचं काही बिघडत नव्हतं. बातमी नळाची असली तरी तिसऱ्या ओळीत कुणाच्या तरी मेहुण्याच्या मोडलेल्या लग्नावर गाडी यायचीच. तर बाईसाहेबांना वाटलं, चर्चा सुधारायची. जाणती करायची! काय केलं असेल? बातमीच्या शेवटी तीन प्रश्न. उत्तरं बरोबर आली तरच लिहायची जागा उघडणार. मी म्हटलं, पोरी, साठी उलटली माझी, आता पेपर सोडवू? तर म्हणते, "जिलालीकाका, नुसतं वाचा हो, प्रश्न सोपे आहेत." नुसतं वाचा! इतक्या गोडीत कुणी वाचा म्हणालं की मी समजतो, कुठंतरी पाणी मुरतंय.

आणि पहिलीच बातमी कुणाची? माझी! मी गल्लीचा भट्टीवाला, चाळीस वर्षं झाली. घराघरातून फळीवर कणकेचे गोळे येतात, मी पाव भाजून देतो, आणि नुसता गोळा बघून सांगतो हा कुणाकडचा आणि त्या घरात आज भांडण झालंय का. भट्टीचं धुराडं तडकलंय, त्यासाठी नगरपालिकेत खेटे घालून चपला झिजल्या माझ्या. आणि एका सकाळी मथळा दिसतो, 'दर्ब अत-तूतच्या भट्टीबाबत नगरपालिकेचा निर्णय'. संपलं! निर्णय म्हटल्यावर आणखी वाचायचं काय? भट्टी पाडणार आणि तिथं गाड्या लावणार, दुसरं काय! बायको, मिलूदा, म्हणाली, अहो खाली बरंच लिहिलंय, चष्मा देऊ का? मी म्हटलं, बरंच लिहिलंय म्हणजेच काहीतरी लपवलंय.

सरळ प्रश्नांवर गेलो. पहिला, भट्टीवर किती घरं अवलंबून? त्र्याण्णव, हे तिनं मलाच विचारून लिहिलेलं. दुसरा, भट्टी कुणी बांधली? माझ्या आजोबांनी, मला विचारता होय! तिसरा, काम किती दिवस चालेल? आठवडा दाबलं, चूक. दोन महिने दाबलं... बरोबर! बघा! पाडायला बरोबर दोन महिने लागतात! खरं सांगतो, त्या भट्टीशिवाय मला दुसरं काही येतच नाही.

जागा उघडली, मी लिहिलं, 'या निर्णयाला ठाम विरोध. भट्टीला हात लावायचा नाही.' पण एकट्याच्या विरोधाला विचारतो कोण? मग जो कुणी पाव न्यायला येईल त्याला गरम पावाबरोबर उत्तरं द्यायला लागलो... तिसरं बटण, मग पहिलं, मग दुसरं, घरी जाऊन दाबा. तामोआजी, जी फोन उलटा धरते, ती म्हणाली, पण बातमीत आहे काय? मी म्हटलं, आजी, पाव निवतोय. दुपारपर्यंत एकशे सत्याऐंशी विरोध! एक शिवी नाही, एकाचा मेहुणा नाही, आणि सगळ्यांची सगळी उत्तरं बरोबर! गिझलानला तर गहिवरून आलं, तिनं जाहीरच केलं, अशी जाणती चर्चा आपल्या गावात कधी झाली नव्हती.

आठवड्यानं आली, तोंड एवढंसं करून. "काका, तुम्ही सगळ्यांनी विरोध का केला?"

"भट्टी पाडत होते म्हणून!"

"पाडत नव्हते. धुराडं नवं बांधून देत होते. दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं."

दुसऱ्या ओळीत! धावत नगरपालिकेत गेलो. तिथला साहेब इतका अदबीनं बोलला की मी मागं वळून बघितलं, दुसरं कुणी आलंय का. म्हणाला, एरवी असल्या लिहिण्याकडे आम्ही बघतही नाही, पण तुम्ही सगळे वाचून बोललात, जाणत्या नागरिकांचं मत डावलता येत नाही, धुराडं पलीकडच्या गल्लीला दिलं. अहो, पण आम्ही वाचलंच नव्हतं! तर म्हणतो, तसं लेखी द्या. न वाचता बोललो, एवढं लिहून सह्या आणा, फेरविचार करू.

त्र्याण्णव घरं फिरलो. चहा सगळ्यांनी पाजला, सही एकानं केली नाही. जो तो म्हणतो, मी वाचलं होतं, बाकीच्यांचं मला माहीत नाही! तामोआजीनं तर कागद उलटा धरून नीट निरखला आणि म्हणाली, जिलाली, सही कशाला हवी रे? कुठंतरी पाणी मुरतंय.

म्हणजे आता खोकत पाव भाजायचे. बरं, निदान मी तरी सही केली असेल, असं वाटत असेल तुम्हाला... छे हो! धूर काय, डोळ्यात जातो आणि निघूनही जातो. पण न वाचता बोललो हे स्वतःच्या हातानं लिहून देऊ? उद्या कुणी ते वाचलं तर?