‘खलास’चा अर्थ

दुबईजवळच्या उम्म अल कुवैनच्या हॉस्पिटलात एक्स-रेसाठी ताटकळलेल्या विभावरीच्या कानावर मागच्या बाकावरचं मराठी पडलं आणि तिने मोबाइल खाली ठेवला.

“वहिनी, दादाचा रोल कसला होता?”

“जुन्या काळचं हॉलिवूडचं युनिट बेटावर शूटिंग करतं, असा सिनेमा आहे. हे त्यातले बुडालेले हमाल. पाण्यात पालथं पडायचं. ‘कट’ झालं तरी हललेच नाहीत! गोऱ्या साहेबाने टाळ्या वाजवल्या म्हणे.”

“मग?”

“मग अरबी मॅनेजरचा फोन, ‘मॅडम, विष्णू खलास. हॉस्पिटल आओ.’ इथे काम संपलं की ‘खलास’च म्हणतात ना! मी म्हटलं, बरं झालं, आज लवकर सुटले. इथे चेकअप असेल.”

“वहिनी... ती पिशवी द्या इकडे.”

“असू द्या हो भावजी. कोरडा शर्ट आहे त्यांचा. ओलेच बाहेर येतील.”