बोटं काळी पडली तव्हा

माहेर मपलं चारठाण्याचं, जात कासाराची, बाप बांगड्या विकायचा अन् दिलं तेबी जिंतुरात बांगड्यावाल्याच्याच घरी, तव्हा दुसरं काम ह्या हातांनी केलंच न्हाई. तीस साल बायांचे हात दाबून दाबून बांगड्या चढवल्या. हात हातात घेतला की माप कळायचं, इचारायची गरज न्हाई. काय सांगू तुमाला, नवऱ्या पोरी रडायच्या, मी बोलत बोलत चुडा भरून मोकळी.

मागल्या नागपंचमीच्या तोंडावर एकीची बांगडी चढवताना तडकली, काच मपल्या तळहातात रुतली. काढली, हळद दाबली, पुढची बाई बसलेलीच होती. दोन दिवसांत हात सुजला, लाल झाला, लय ठणकायला लागला. मपले मालक म्हणले दवाखान्यात चल, मी म्हणलं सणाचं गिऱ्हाईक होऊ द्या. तिथंच चुकलं बघा. तिसऱ्या दिवशी अशी थंडी वाजून आली, गोधड्या घातल्या तरी दात वाजायले, अन् मी मालकांनाच ओळखीना. जिंतूरचे डॉक्टर म्हणले, परभणीला न्या, आत्ताच.

तिथलं मला ठाव न्हाई, मालकांनी सांगितलेलं सांगते. हिरड्यांतून रगत, सुई टोचली तिथून रगत, थांबंना, अन् बोटं मातर निळी, गार. मालक म्हणले, डॉक्टरीणबाई, रगत तर वहायलंय, मग बोटात का पोचंना? ती दमानं बोलली. म्हणली, काका, जखमेतलं विष रगतात गेलं, त्याच्याशी झगडायला अंगानं आतून आग पेटवली, त्या आगीत बारीक बारीक नसा खराब झाल्या, तिथं गुठळ्या व्हायल्यात, पुढं रगत जाईना. अन् रगत गोठवणारं जे असतं ते त्या गुठळ्यांतच खर्ची पडलं, म्हणून बाकी ठिकाणी थांबंना. मालक म्हणले, औषध? द्यायलोत, म्हणली, जीव वाचवायचं बघू, बोटांचं सांगता येत न्हाई.

शुद्ध आली तव्हा पाह्यलं. दोन्ही हातांची बोटं काळीठिक्कर, वाळलेली, जशी दुसऱ्याच कुणाची. मी म्हणलं, तेल लावून चोळा ओ, येईल गरमी. मालक रडत रडत चोळायले, डॉक्टरीणबाईनं त्यांचा हात धरला, नका म्हणली. पुढं मालकांनी कागदावर सही केली अन् बोटं काढलीच. डावा अंगठा तेवढा राह्यला.

आता दुकानात मालक बसत्यात, बाया त्यांच्या हातात हात द्यायला लाजत्यात, दुसरीकडं जात्यात. गेलेली बोटं अजून ठणकत्यात, ते कुणाला दाखवू? लोक म्हणत्यात, नशीब थोर, वाचलीस. व्हय म्हणते. काल मालकांना म्हणलं, तव्हा कागदावर सही केली नसती तर मी सुटले असते. ते उठून गेले. लय वेळानं आले, भात कालवला, घास पुढं केला. मी तोंड उघडलं.